जुळाऱ्याची पहिली पताका

आधारने रॉकेलचा बोळा चौकटीवर दाबला आणि दातओठ खाऊन घासला. वाळलेल्या लाल शाईखालून जाळीचं पांढरं कापड उघडं पडलं.

"झुंबर, दख. बठ्ठा रंग निंघी गया."

त्याची बायको झुंबरबाई हात पुसत अंगणात आली. तीन दिवस नवऱ्याला तहानभूक नव्हती. नरडाण्याच्या एका बंद कारखान्यातून आणलेल्या या छपाईच्या टेबलाला गल्लीने भंगार ठरवून टाकलं होतं. आधारने गंजक्या बिजागऱ्यांना तेल पाजलं, जाळी उन्हात धरून भोक न् भोक तपासलं, शाई ओढायच्या पट्टीचं झिजलेलं रबर पॉलिश पेपरवर घासून सरळ केलं.

वीस वर्षं तो पारोळ्याच्या छापखान्यात जुळारी म्हणून अक्षरांचे खिळे जुळवत होता. ऑफसेट आलं आणि छापखान्याला कुलूप लागलं. वर्षभर तो घरात नुसता भिंतीकडे बघत बसला. आता बाबासाहेबांच्या जयंतीचं शंभरावं वर्ष, आणि वस्तीतल्या मंडळाने पताका छापायचं काम त्याच्याकडे दिलं होतं. नमुना संध्याकाळी दाखवायचा. पसंत पडला नाही तर काम जळगावला जाणार होतं, आणि आधार पुन्हा भिंतीकडे.

त्याने कागदात अक्षरं कापून तो कागद जाळीखाली चिकटवला. खाली पातळ पांढरं कापड पसरलं, वर निळी शाई ओतली आणि पट्टी एका दमात ओढली. चौकट उचलली. जय भीम! ना डाग, ना फराटा. किती दिवसांनी आपल्या हातून काही छापून निघालं होतं.

"हात मरेल नही अजून," तो म्हणाला.

झुंबरबाईने पताका हातात घेतली. सहा महिन्यांपासून ती साक्षरतेच्या वर्गाला जात होती. तिने अक्षरांवरून बोट फिरवलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि कापड पलटलं. शाई आरपार झिरपली होती.

"ज... य... भी... म."

"मांगून काय वाचस? पुढून वाच."

"पुढून नही वाचता येत. मांगून येस."

आधार हसला, आणि मग त्याने पताका तिच्या हातून घेऊन पुढून-मागून पाहिली. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, म्हणून तर कागदावर सुलट उमटतं. इथे शाई जाळीतून सरळ खाली उतरते. त्याने मात्र सवयीने अक्षरं उलटी कापली होती, आणि छापल्यावरही त्याला ती घडाघडा वाचता आली. छापखान्यात छापलेलं तपासायला मालक असायचे. त्याचे डोळे वीस वर्षं खिळ्यांवरच पोसलेले.

संध्याकाळला तीन तास होते. त्याने चिकटवलेला कागद सोलून काढला, जाळी पुसली, नवा कागद अंथरला आणि शेजारी पाट टाकला.

"बस आठे."

"मी काय करू?"

"मी कापस. तू वाचत जाय. तुले वाचता उनं तरच पुढे."

झुंबरबाई पदर खोचून बसली. ब्लेड फिरलं, पहिलं अक्षर निघालं. तिने ते उजेडात धरलं, खूप वेळ पाहिलं.

"याचं पोट नीट नही. परत काप."

वीस वर्षं अक्षरं जुळवणाऱ्या आधारने मुकाट्याने दुसरा कागद घेतला.