शून्य लिहिलं की इशारा जातो

माझी बायको काजल वारल्यापासून मला एका जागी बसवत नाही. दोन ओळी कोड लिहिला की उठतो, माठाकडे जातो आणि पाणी न पिताच परत येतो.

त्या दिवशीचं काम अवघड नव्हतं. कंपनीच्या वायफाय कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्राम, जुना आहे. कोड वाचून चुका दाखवणारा कम्पायलर त्यात जागोजागी इशारे देत होता: या व्हेरिएबलमध्ये काही भरलेलंच नाही आणि तुम्ही ते वापरताय. मी सगळ्यांना सुरुवातीलाच शून्य दिलं. इशारे गेले. कोड तपासायला माझ्या टीममधल्या आदेशकडे पाठवून दिला.

तेवढ्यात माझा मेहुणा धाऊ आटगावहून गाडी घेऊन वैशाखऱ्याला आमच्या घरी पोचला. माझ्या मुलीला, मनस्वीला न्यायला. पोरीला इकडेच शाळेत घालू, असं सासूबाई फोनवर म्हणाल्या होत्या आणि मी बरं म्हणालो होतो. हल्ली मी सगळ्यांनाच बरं म्हणतो. लोक फोन लवकर ठेवतात.

मनस्वी पिशवी मांडीवर घेऊन ओट्यावर बसली होती. एवढ्याशा पिशवीत तुझ्या मामीचा पावडरचा डबाही मावायचा नाय, असं धाऊ म्हणाला. ती हसली नाही. शेताकडून भातरोपांसाठी भाजलेल्या राबाचा धूर येत होता.

धाऊ चहा पीत असताना आदेशचा फोन आला.

"आपल्याकडे शून्य म्हणजे काम झालं. मग कार्ड सापडलंच नाही, तर तुझा कोड काय सांगणार?"

"काम झालं म्हणून सांगेल."

"त्यापेक्षा इशारा होता तोच बरा होता की."

मी शून्य पुसलं. इशारा परत आला. कार्ड सापडलं नाही तर काय करायचं, हे तिथे कुणी लिहिलंच नव्हतं. मी उठलो, ओट्यापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो.

"दाजी, ओटा झिजंल," धाऊ म्हणाला. "निघू ना आमी?"

मनस्वी माझ्याकडे बघत होती. मी तिच्यासमोर खाली बसलो.

"मनू, तुला जायचंय का गो?"

"पप्पा, तुमीच बरं म्हनलात ना."

"म्हनलो. पण तुला विचारलं नव्हतं."

तिनं पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

धाऊला मी सांगितलं, आज नाय. आई मलाच फाडून खाईल, असं पुटपुटत त्यानं गाडी वळवली.

संध्याकाळी फोन वाजला. सासूबाईंचाच होता. काय सांगायचं ते अजून मला ठाऊक नव्हतं. नुसतं बरं म्हणायचं नाही, एवढंच ठरवून तो उचलला.