सोबेकची खेळी

"सोबेक नको घेऊस, उस्ता," इनास म्हणाली. "होरस घे. 'ह' तरी तुला नीट येतो."

वगदीने मगरतोंड्या देवाची, सोबेकचीच, हिरवी सोंगटी उचलून आपल्यापुढे ठेवली.

वगदी लिफ्ट दुरुस्त करायचा. अलेक्झांड्रियातल्या कितीतरी जुन्या इमारती त्याला 'उस्ता', म्हणजे उस्ताद कारागीर, म्हणूनच ओळखत. हिवाळ्यात त्याला अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय सावरले, जीभ मात्र जडच राहिली. 'स' म्हणायला जावं, तर नुसती हवा निघे.

इनास एक्स-रे काढणारी, रिफअत मासळीवाला. तिघं कित्येक वर्षं याच कॉफीखान्यात हा पट मांडत आले होते. मधोमध नाईल, काठावर देवळं, प्रत्येकाचा एक देव; ज्याची देवळं जास्त, तो जिंकला. आज मात्र शहराची स्पर्धा होती. वाळूचं घड्याळ रिकामं होण्याआधी देवाचं आणि देवळाचं नाव मोठ्याने घ्यायचं, नाहीतर खेळी गेली.

"हट्ट कशाला, बाबा?" रिफअत म्हणाला. "अनुबिस घे. कोल्ह्याचं तोंड आहे त्याला, तुला शोभेल."

"मगर... पाण्यात गप्प पडते," वगदी एकेक शब्द ओढत म्हणाला. "कोणी... बघत नाही."

सकाळचे दोन डाव त्याने असेच जिंकले. दर वेळी मान झटकून ते नाव तो कसंबसं बाहेर ढकलायचा. रिफअत पहिल्याच फेरीत गारद झाला होता. शेवटच्या डावाला समोर इनास आली.

डाव रंगला. इनासचं सगळ्यात मोठं देऊळ, एदफू, राखणीविना उघडं पडलं. वगदीने ते तिच्याआधी पाहिलं. पंचबाईंनी घड्याळ उलटं केलं. त्याने तोंड उघडलं. हवा. पुन्हा हवा. मानेच्या शिरा ताठ झाल्या.

"बोटाने दाखवा," पंचबाई म्हणाल्या. "समोरच्याची हरकत नसेल तर चालेल."

"माझी हरकत नाही," इनास लगेच म्हणाली.

वगदीने मान हलवली. नाही. वाळू संपली.

आता सगळे इनासकडे बघत होते. तिने क्षणभर वगदीचा चेहरा पाहिला आणि आपली सोंगटी उचलून एदफूच्या दारात उभी केली.

"अगं, जरा तरी..." रिफअत पुटपुटला.

वगदी मात्र अर्ध्या तोंडाने हसला. आजारपणापासून सगळे मुद्दाम हरून त्याला जिंकू देत होते. आज कोणीतरी त्याचा रस्ता अडवला होता.

बाहेरून भंगारवाल्याची गाडी चालली होती. "बेकियाऽ, बेकियाऽ," त्याची लांबलचक हाक खिडकीतून आत आली. शब्द अडला तर गाऊन म्हणा, असं दवाखान्यातल्या बाईंनी वगदीला बजावलं होतं. या वयात कोण गातं, म्हणून त्याने ते कानाआड केलं होतं. घड्याळ उलटलं. वगदीने मान वर केली, सोंगटी दुसऱ्या देवळाकडे सरकवली आणि भंगारवाल्याच्याच चालीत हाक दिली, "सोऽबेक, देन्देराऽ."

'स' अख्खा बाहेर पडला. कॉफीखाना खदखदून हसला.

"जुने फ्रीज पण घेतोस का रे?" रिफअतने विचारलं.

"तुला... घेईन. वजनावर," वगदी म्हणाला.

त्यानंतरची प्रत्येक खेळी त्याने गाऊनच केली. त्याने देवळं परत खेचली, इनासला घाम फोडला. तरी शेवटी ती एका देवळाने जिंकली. तिने उठून त्याचा हात हातात घेतला.

"घाबरवलंस मला," ती म्हणाली.

"पुढच्या वेळी... पळवीन."

लोक पांगल्यावर रिफअत चहाचे पेले घेऊन आला. "बोट दाखवलं असतंस तर स्पर्धेचा कप तुझा असता. एवढा अभिमान काय कामाचा?"

"तो डाव... बोटाचा," वगदी म्हणाला. "माझा नाही."

तेवढ्यात टेबलावरचा त्याचा फोन वाजला. झटक्यानंतर गिऱ्हाइकांशी बोलायचं काम घरी त्याची बायको करायची, इथे रिफअत. सवयीने रिफअतचा हात पुढे गेला. वगदीने तो हळूच बाजूला सारला आणि फोन स्वतःच्या कानाला लावला.

"हॅलो... मी वगदी," तो म्हणाला. "हळू बोला. मी पण... हळूच बोलतो."

पलीकडचा माणूस थांबला. मग कितव्या मजल्यावर लिफ्ट अडकली आहे, ते सावकाश सांगू लागला.