टाकीवर एकतीस, चुलीपाशी शून्य

मित्रांनो, माझा पडदा एका कोपऱ्यात तडकलाय, पाठीवर शाईनं ‘क्रमांक चार’ लिहिलंय आणि बॅटरी दुपारीच गळाठते. म्हणून मला कुणी भंगार म्हणू नका हं, सांगून ठेवतो! मी एक जुना मोबाइल आहे खरा, पण गाणीबिणी वाजवणारा नव्हे. मी इंटरनेटचा वेग मोजणारा फोन आहे.

कारखान्यात माझ्यासोबत हजारो भावंडं तयार झाली. त्यातली बरीच बीबी-का-मकबऱ्यासमोर सेल्फी काढण्यात म्हातारी झाली. मी मात्र आलो छत्रपती संभाजीनगरच्या एका छोट्याशा कचेरीत. इथली माणसं गावोगाव फिरून कुठं रेंज आहे, कुठं नाही, ते मोजतात. माझं बटण दाबलं की मी आधी टॉवर शोधतो, मग थोडा डेटा खाली ओढतो, थोडा वर ढकलतो आणि आकडा दाखवतो. आकडा मोठा तर व्हिडिओ झरझर चालतो, आकडा लहान तर गोल चकरी फिरत बसते. एका जागी तीनदा मोजायचं, असा नियम.

मला सांभाळायची अदीबा. सव्वीस वर्षांची, कामाला चोख. मला ओढणीच्या टोकानं पुसायची आणि उन्हात तापलो की रुमालात गुंडाळायची. गाडी चालवायचे रहीमचाचा. फुलंब्रीच्या रस्त्यावर दर दोन किलोमीटरला ते विचारायचे, “बोल बेटा, कितना आया?” जणू क्रिकेटचा स्कोअरच!

आमचे साहेब व्यंकटराव सगळ्यांसमोर म्हणायचे, “महागडा फोन कुठंही रेंज पकडतो. पण लोकांच्या खिशात असले महागडे फोन असतात का? क्रमांक चार जे दाखवतो, तेच लोकांना मिळतं.” हे ऐकलं की माझी छाती फुगायची. मला छाती नाही, ते सोडा.

तर त्या दिवशी आम्ही देवगाव रंगारीच्या पुढं एका वस्तीवर गेलो. चाळीसेक घरं, सगळी खोलगट जागेत. वस्तीनं टॉवरसाठी अर्ज केला होता. आम्ही मोजून द्यायचं आणि त्यावरून मोबाइल कंपनी टॉवर द्यायचा की नाही ते ठरवणार.

या टॉवरची सगळ्यात जास्त गरज होती निशाला. निशा त्या वस्तीवरची सून. चौथीच्या मुलांना ती फोनवरून गणित शिकवायची. पण घरात रेंज नव्हती. म्हणून रोज पाच वाजता छत्री घेऊन पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर बसायची. वारा सुटला, पाऊस आला की तास मोडायचा. शिकवणीवाल्यांनी तिला बजावलं होतं, तास असेच मोडत राहिले तर काम बंद. काम गेलं तर नवऱ्याकडं बजाजनगरला जाऊन कंपनीत काम शोधायचं आणि सासू, गोजरबाई, इथं एकटी पडायची. निशाला ते नको होतं, गोजरबाईला तर त्याहून नको होतं.

आम्ही पोचलो तर काय थाट! टाकीखालची जागा सारवलेली, खुर्चीवर चादर, लिंबाचं सरबत तयार. अदीबाला त्यांनी थेट टाकीच्या वरच्या पायरीवर नेऊन बसवलं. तिनं बटण दाबलं. एकतीस! दुसऱ्यांदा एकोणतीस, तिसऱ्यांदा पुन्हा एकतीस. वस्तीनं टाळ्या वाजवल्या. खरं सांगू? मीही हरखलो. इतका मोठा आकडा मी त्या आठवड्यात दाखवला नव्हता.

अदीबानं वहीत लिहिलं, ‘वेग चांगला. टॉवरची गरज नाही.’

निघताना गोजरबाईनं तिच्या तोंडावरून हात फिरवला. “झालो ना आम्ही पास? लई तयारी केली बाई. कालच समद्यायला सांगितलं, पाव्हणी येणार हाय, आपापले फोन बंद ठेवा, तिची रेंज खाऊ नका. सूनबाईनं तर आजची शिकवणी सोडली.”

अदीबा जागच्या जागी थांबली. “फोन बंद ठेवले? सगळ्यांनी?”

“व्हय तर! मार्क कमी पडले तर टॉवर कोण देईल आमाला?”

अरे अरे अरे! म्हणजे शाळा तपासायला साहेब येतो, तसं धरून चालले होते हे लोक. जिथं उत्तम रेंज तिथंच पाहुणीला बसवलं, वर सगळी वाट मोकळी करून दिली. मी खोटं बोललो नव्हतो, पण माझा खरा आकडा त्या सुनेच्या मुळावर उठला होता. मित्रांनो, मला फार लाज वाटली.

“मावशी,” अदीबा म्हणाली, “चांगला आकडा आला तर टॉवर मिळत नाही. कमी आला तर मिळतो. सगळ्यांना फोन चालू करायला सांगा. आणि मला तुमच्या घरात न्या.”

गोजरबाईचा चेहरा उतरला. “घरात? भांडी पडलीत समदी. आन् माझं घर नापास व्हावं व्हय गं?”

“आत्याबाई,” निशा म्हणाली, “होऊ द्या नापास. मला तुमच्यापाशी राहायचंय.”

गोजरबाईनं दार उघडलं आणि पाय लावून एक पातेलं तेवढं मागं सरकवलं.

अदीबानं मला चुलीजवळच्या भिंतीला टेकवलं. बटण दाबलं. वर पत्रा, चहूकडं दगडी भिंती. मी जीव खाऊन टॉवर शोधला. शून्य पूर्णांक चार. दुसऱ्यांदा ‘चाचणी अयशस्वी’. तिसऱ्यांदाही ‘चाचणी अयशस्वी’.

“कितना आया?” रहीमचाचांनी दारातून विचारलं.

“कुछ नहीं आया चाचा,” अदीबा हसून म्हणाली आणि मला म्हणाली, “शाब्बास!”

आयुष्यात शून्य दाखवून शाबासकी मिळवलेला फोन मी एकटाच असेन. पुढं तिनं आणखी बारा घरांत मोजलं. वहीतलं आधीचं वाक्य खोडलं, पण टाकीवरचा आकडा खोडला नाही. कुठला आकडा कुठं मोजला, ते शेजारी लिहिलं. आणि तो अहवाल पाठवायला आम्हाला पुन्हा टाकीवरच चढावं लागलं!

त्यानंतर कचेरीत नवे फोन आले आणि मी खणात गेलो. चार महिने तिथं तुटक्या चार्जरांच्या गुंताड्यात पडून राहिलो. अंधार, धूळ, कुणी विचारेना. मग एके दिवशी खण उघडला. वस्तीवर टॉवर उभा राहिला होता आणि पुन्हा मोजायचं होतं. नवा फोन पुढं करणाऱ्याला व्यंकटरावांनी थांबवलं. “ज्यानं आधी मोजलं, त्यानंच आता मोजायचं. क्रमांक चार कुठाय?”

अदीबानं मला पुसलं, पोटभर चार्ज केलं. आम्ही वस्तीवर पोचलो तेव्हा पाच वाजले होते. गोजरबाई उंबऱ्यातच आडवी बसलेली. “आत नाय जायचं. सूनबाई शिकवायलीय. मोजायचं ते शिकवणी झाल्यावर मोजा.”

मग आम्ही ओट्यावर बसून राहिलो. आतून निशाचा आवाज येत होता. अपूर्णांक चालले होते, एक पोरगं सारखं चुकत होतं, ती पुन्हा पुन्हा समजावत होती. चाळीस मिनिटं झाली. त्या चाळीस मिनिटांत ती एकदाही “ऐकू येतंय का?” म्हणाली नाही.

नंतर अदीबानं मला चुलीपाशी नेऊन रीतसर मोजलंच. बावीस आले. वहीत ते आहेत.

मित्रांनो, कुणी तुमची अडचण मोजायला आलं तर त्याला सारवलेल्या जागी बसवू नका, घरात न्या. आणि एखादा जुना फोन पडद्याला तडा गेला म्हणून खणात टाकण्याआधी त्याला एकदा पुसा, चार्ज करा आणि त्यानं काय काम केलंय ते विचारा. मला विचाराल तर मी बावीस सांगणार नाही. मी त्या दिवशीचं शून्य सांगेन.