तारेतला एक शब्द

इस्लामपूरजवळच्या त्या गावात तार आली की नानासोला बोलावणं यायचं. इंग्रजी तिसरीपर्यंत शिकलेला गावातला तो एकटाच पुरुष, आणि त्याचा त्याला मोठा तोरा!

१९४४ साली एका सकाळी बनुबाईच्या दारात तार आली. तिचा लेक कृष्णात पलटणीत होता. जखमी होऊन दूर कुठल्या दवाखान्यात पडला होता. नानासोनं कागद उलगडला. 'कृष्णात लेफ्ट हॉस्पिटल मंडे.'

लेफ्ट म्हणजे डावा, एवढंच त्याला कवायतीवरून ठाऊक. इथं डावं काय असणार? पण अंगण माणसांनी भरलेलं. कळत नाही म्हणायला जीभ रेटेना. तारेत चांगलं कुठलं असायला, असं मनाशी धरून तो हळूच म्हणाला, "कृष्णात गेला. सोमवारी, दवाखान्यात."

बनुबाईनं हंबरडा फोडला. शेजारणी कृष्णातच्या बायकोच्या, राहीबाईच्या बांगड्या फोडायला सरसावल्या. तिनं मात्र दोन्ही हात पदराखाली घेतले.

"भावजी, गेला हे कंच्या शब्दात लिवलंय? बोट ठिवून दावा."

नानासोचं बोट कागदावर नुसतंच फिरत राहिलं.

"मग जवाहरशेटच्या सुनंला इचारा. सांगलीला मॅट्रिकपतुर शिकलीया ती. तवर माझ्या हाताला कुनी शिवायचं न्हाई!"

बाईमाणसाला विचारायचं? नानासो जागचा हलेना. पण राहीबाईच्या डोळ्याला डोळा देववेना, तसा तो उठला.

शेटच्या सोप्यात त्यांची सून चंदनबाला ज्वारी पाखडत होती. तिनं तार वाचली आणि तिचा चेहरा उजळला.

"मामा, 'लीव्ह' म्हणजे सोडणं, एखाद्या ठिकाणाहून निघणं. निघून झालं की 'लेफ्ट' म्हणतात. कृष्णातभाऊंनी सोमवारी दवाखाना सोडला. बरे होऊन बाहेर पडले!"

"पर लेफ्ट म्हंजे डावा न्हवं?"

"तोही अर्थ आहे. शेजारचे शब्द बघून ठरवायचं. पण अडलं होतं, तर आधी का नाही विचारलं?"

"लाज वाटली, पोरी."

"न कळण्याची कसली लाज, मामा? कळलं नसताना सांगितलंत, त्याची वाटू द्या."

नानासो धावतच परतला. भरल्या अंगणात त्यानं डोईचा पटका काढला. "कृष्णात जिता हाय! मला शबुद ठावं न्हवता, आन् मी ठावं असल्यागत सांगितलं. राहीबाई, चुकलो मी!"

राहीबाई मटकन खाली बसली, आणि तेव्हा कुठं तिला रडू फुटलं.

महिन्याभरानं कृष्णात रजेवर आला. तोवर चंदनबालेच्या सोप्यात दुपारच्या चार बाया पाटी घेऊन बसू लागल्या होत्या. सगळ्यांत पुढं राहीबाई, आणि दाराशी मान खाली घालून अक्षरं गिरवणारा नानासो.

वाचकहो, परकी भाषा शिकताना चुका व्हायच्याच, त्यात कमीपणा नाही. पण अर्धं कळलेलं पुरं म्हणून मिरवलं, तर एखाद्याचा संसार उघड्यावर पडतो. 'मला ठाऊक नाही' एवढं म्हणायला आपण शिकू या, आणि ज्याला ठाऊक आहे त्याला विचारू या, मग ती शेजारची सून का असेना!