बगलेखालचे हूक

निशिगंधाच्या हृदयाचा व्हॉल्व्ह बदलला आणि ती घरी आली. किन्हवलीच्या अलीकडे त्यांचं घर. भेटायला येणारा जो तो हृदयाबद्दलच विचारायचा. धडधडतं का, दम लागतो का, गोळ्या चालू आहेत ना. तिला त्रास होत होता तो वेगळ्याच गोष्टीचा, आणि ती गोष्ट ओसरीवर चहा पिणाऱ्यांना सांगण्यासारखी नव्हती.

छातीचं मधलं हाड कापून परत तारेनं जोडलेलं होतं. त्यावर गळ्याखालून निघून पोटाच्या वर थांबणारी टाक्यांची रेघ. निशिगंधाचा बांधा पहिल्यापासून भरलेला. ती उभी राहिली की दोन्ही बाजूंचं वजन त्या रेघेला आपापल्याकडे ओढायचं. कापड दोघांनी दोन टोकांनी धरावं तसं. म्हणून चालताना ती एक हात आडवा घालून छाती वर उचलून धरायची. तिचा नवरा प्रणय तो हात बघितला की कासावीस व्हायचा.

"दुखतंय काय? डॉक्टरांना फोन लावू?"

"नाय, तसं काय नाय," ती म्हणायची आणि हात खाली घ्यायची. मग जास्तच दुखायचं.

इस्पितळातून निघताना नर्सनं सांगितलं होतं. आधार देणारी ब्रा घाला, रात्रीसुद्धा. तारवाली नको. हात मागे न्यायचे नाहीत, डोक्याच्या वर न्यायचे नाहीत. मग ती ब्रा घालायची कशी आणि मिळते कुठे, हे विचारायचं निशिगंधाच्या ओठावर आलं होतं. पण शेजारी बॅगा घेऊन थोरला दीर उभा होता. तिनं नुसती मान हलवली.

हे पहिल्यांदा ओळखलं सासूनं. कमळबाई तिला रोज गरम पाण्यानं पुसून काढायच्या. एकदा पुसता पुसता त्यांनी ओंजळीनं एक बाजू सहज वर उचलली आणि निशिगंधाच्या तोंडून सुस्कारा निघाला.

"बरं वाटलं?"

"लय बरं वाटलं, आई. तसंच धरून ठेवा जरा."

कमळबाईंनी धरून ठेवलं. मग म्हणाल्या, "म्हंजे दुखणं काळजाचं नाय. वजनाचं हाय."

कमळबाईंनी आयुष्यात ब्रा घातली नव्हती. त्या तिला बॉडी म्हणायच्या, आणि दोरीवर सुनेची वाळत घातलेली दिसली तर ती नेमकी कशी काम करते याचं त्यांना कुतूहल असायचं. आता त्यांनी ट्रंकेतून आपली जुनी गाठीची चोळी काढली. "ही घाल. हात मागं न्यायला नको." चोळी छान बसली, वजन वर उचललं गेलं. पण गाठ आली ती नेमकी टाक्यांच्या रेघेवर. निशिगंधानं दोन श्वास घेतले आणि ती सोडायला लावली.

"गाठ पुढं आली तर रेघेवर. मागं न्यावी तर हात जात नाय," कमळबाई चोळीकडे बघत म्हणाल्या. "मग ही बंद करायची तरी कुठं?"

हा प्रश्न निशिगंधालाही पडला. ती मुरबाडच्या एमआयडीसीत पोती शिवणाऱ्या कारखान्यात तपासणीला होती. पोतं उलटं करून त्याची शिवण कुठे ताण घेते ते बघायची तिच्या हाताला सवय होती. पण इतकी वर्षं जे अंगावर घातलं ते तिनं असं कधी बघितलं नव्हतं. तिनं आपली एक जुनी ब्रा उलटी करून मांडीवर घेतली. तिचा समज होता की सगळं वजन खांद्याचे पट्टे पेलतात. आता पट्टे हातानं वर ओढून बघितले, मग खालची पट्टी ताणून बघितली, तेव्हा लक्षात आलं की वजन पेलते ती खालची पट्टी. आणि खालची पट्टी जिथे बसते तिथेच तिला ऑपरेशनच्या वेळी नळ्या घातलेल्या जागांच्या दोन खपल्या होत्या.

"पट्टी रुंद पायजे," ती म्हणाली. "आणि मऊ. खपल्यांच्या खालपर्यंत जाणारी."

प्रणयला शहापूरला पाठवलं. दुकानात उभा राहून त्यानं फोन केला. आवाज अगदी खाली.

"साईज विचारतायत."

"चौतीस," निशिगंधा म्हणाली. कॉलेजात असताना कुणीतरी सांगितलेला आकडा ती आजवर सांगत आली होती. फोन ठेवल्यावर तिलाच शंका आली. कमळबाईंनी टेप आणला आणि मोजलं. चौतीस कुठल्या कुठे राहिले होते. परत फोन करेपर्यंत प्रणय घाईघाईनं काहीतरी घेऊन दुकानातून बाहेर पडला होता.

त्यानं आणली ती डोक्यातून घालायची, व्यायामाची. हात वर जात नव्हते. "पायातून घालून बघू," कमळबाई म्हणाल्या, आणि दोघींनी खरंच ती पायातून वर चढवायला घेतली. मांड्यांपर्यंत आली. तिथून वरही जाईना आणि खालीही येईना. कमळबाई हसायला लागल्या, त्यांना बघून निशिगंधाला हसू आलं, आणि हसताना छाती फाटतेय असं वाटून तिनं उशी घट्ट कवटाळली. "हसवू नका, आई," ती रडवेली होऊन हसत होती. शेवटी कात्रीनं कापून काढावी लागली.

रक्त तपासायला मुरबाडला जायचं होतं. प्रणयनं ओळखीच्याची गाडी मागून घेतली, चालवायला तोच बसला. तपासणी झाल्यावर निशिगंधा म्हणाली, "बाजारात जरा थांबवा. तुमी गाडीत बसा. आई येतील माझ्याबरोबर."

दुकान सकुबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईंचं होतं. बायकांचे आतले कपडे, लहान बाळांची दुपटी, टोपडी, आणि कोपऱ्यात ब्लाउजला हूक लावून द्यायचं शिलाई मशीन. निशिगंधानं हवं ते सांगितलं. मऊ, रुंद पट्टीची, तार नसलेली.

"पाजायची देते," सकुबाई म्हणाल्या. "तशीच असते ती. बाळ कितव्या महिन्यात हाय?"

"बाळ नाय. काळजाचं ऑपरेशन झालंय."

सकुबाई थांबल्या. मग त्यांनी दार लोटलं, पडदा ओढला आणि विचारलं, "बघू मला? बघितल्याबिगर कसं सांगणार."

इस्पितळ सोडलं तर सासूशिवाय कुणी ती रेघ बघितली नव्हती. प्रणयलाही तिनं दाखवली नव्हती. तिनं गाऊनची बटणं काढली. सकुबाई जवळ आल्या, चष्मा लावून बघू लागल्या. अरेरे नाही, चुकचुकणं नाही.

"आत हाड कशानं जोडलं?"

"तारेनं."

"ती काढणार नंतर?"

"नाय. आतच राहणार."

"अच्छा," सकुबाई म्हणाल्या, आणि आत काय असेल ते जणू दिसेल अशा बेतानं आणखी थोडं वाकल्या. कमळबाईही शेजारून वाकल्या. रोज पुसत असूनही तारेची गोष्ट त्यांनी आताच ऐकली होती. दोघी म्हाताऱ्या एकाच रेघेवर झुकलेल्या बघून निशिगंधाचा संकोच कुठे गेला ते तिलाच कळलं नाही.

पाजायची ब्रा मागून बंद होणारी निघाली. पुढून हूक असलेली घालून बघितली, तर हूक रेघेवर. हूक पुढे घेऊन लावायचे आणि मग सगळी फिरवून मागे न्यायची, तेही करून बघितलं. फिरवताना शिवण खपल्यांवर घासली. निशिगंधा स्टुलावर बसून राहिली.

कमळबाई तोवर बाळांच्या कपड्यांचा ढीग चाळत होत्या. त्यांनी एक अंगडं उचललं, एकावर एक पदर येणारं, बाजूला नाडी असलेलं.

"हे बघ. पोर मान धरत नाय, हात वर करता येत नाय, तरी अंगडं घालतोच ना आपण? गाठ बगलेत मारतो."

निशिगंधानं ते हातात घेतलं. पदर उघडला, मिटला, पुन्हा उघडला. मग पाजायची ब्रा पालथी केली.

"मागचे हूक शिवून बंद केले, आणि इथं डाव्या बगलेखाली कापून हूक लावले तर? डावा पट्टापण पुढून कापायचा, तिथं टिचबटण. उजवा हात नुसता घालायचा, मागून गुंडाळून आणायची, आणि डावीकडं बंद."

"पट्ट्याला ताण येईल, टिचबटण सुटंल," सकुबाई म्हणाल्या. "तिथंपण हूकच लावू. आणि रेघेवर आतून मलमलीची पट्टी."

मशीन चाललं. पहिली जमली नाही. बगलेखालचा कापलेला काठ टोचला. काठ दुमडून पुन्हा शिवला तर घट्ट झाली, मग मध्ये कापडाचा तुकडा जोडला. निशिगंधा सांगत होती, सकुबाई शिवत होत्या, कमळबाई घालत आणि काढत होत्या. बाहेरून प्रणयचा फोन दोनदा येऊन गेला.

शेवटी हूक लागले. निशिगंधा उठली, दुकानात इकडून तिकडे चालली. हात दोन्ही बाजूंना मोकळे.

"ओढतंय?" कमळबाईंनी विचारलं.

"नाय." ती पुन्हा चालली. "आता नाय."

परतताना सरळगाव मागे पडल्यावर प्रणय म्हणाला, "दुकानात एवढा वेळ कसला?"

तिनं सांगितलं. वजनाचं, रेघेचं, आडव्या हाताचं, सगळं.

"मी समजत होतो काळीज दुखतंय. रोज घाबरून जायचो."

"माहीत हाय मला."

"मग सांगायचं ना."

"कसं सांगू? तुमी साईज विचारताना दुकानात कुजबुजत होतात."

पुढे बसलेल्या कमळबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

घरी आल्यावर अंगावरची बदलायला त्यानं सकुबाईंनी तशीच शिवलेली दुसरी ब्रा पिशवीतून काढून हातात घेतली आणि विचारलं, "हा हूक आधी का तो?"

"आधी बगलेतला. पट्टा नंतर."

त्यानं तिच्या पाठीमागून पट्टी आणली, डावीकडे उभा राहून हूक अडकवू लागला. पहिल्यांदा चुकला, दुसऱ्यांदा अडकला. तिनं गाऊन पुढून मिटला नव्हता. त्यानं ती रेघ बघितली, आणि दुसरा हूक लावला.

"घट्ट नाय ना झालं?"

"एक घर सैल करा," ती म्हणाली.