खाजगी घाटावरचा दहावा

मुळातीर रेसिडेन्सीच्या कमानीवर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, ‘नदीकाठचं राजेशाही जगणं, खाजगी घाटासह’. यातली नदी खरी होती, घाटही खरा होता आणि खाजगीपणाचा तर कहर होता, कारण सगळ्या प्लॉटांत मिळून एकटा प्रशांत राहत होता. बाकीच्या प्लॉटांवर गवत राहत होतं. बिल्डर एकदा सिमेंट आणायला म्हणून जो गेला तो अजून सिमेंटच आणत होता.

राहुरीच्या अलीकडे हमरस्ता सोडला की डोहवाडीवरून उसातून एक कच्चा रस्ता इथवर यायचा आणि पुढे नदी असल्यामुळे नाइलाजाने थांबायचा. ऊसतोड सुरू झाली की त्या रस्त्यात ट्रॅक्टर रुतायचा. जायकवाडीला पाणी सोडलं की नदी पायऱ्या चढून विचारपूस करायला यायची. प्रशांत घरून काम करायचा, म्हणजे कंपनीचा तसा समज होता. घरात मोबाईलला रेंज नव्हती. रेंज होती ती फक्त घाटाच्या खालून तिसऱ्या पायरीवर. त्यामुळे खुर्ची, लॅपटॉप आणि छत्री घेऊन तो रोज नदीत कामाला जायचा.

शुभांगीने, त्याच्या बायकोने, हे बरेच दिवस सोसलं. मग वॉशिंग मशिनमध्ये कपड्यांबरोबर एक पाणसाप निघाला. स्वच्छ धुतलेला होता, पण साप होता. ती सावेडीला बहिणीकडे निघून गेली. जाताना भांडली नाही, हे जास्त गंभीर होतं.

“हे घर विक आणि ये,” एवढंच म्हणाली. “मी आता त्या फाटकातून आत येणार नाही. आणि रोज फोन करून पाणी कितव्या पायरीला आहे ते सांगत जाऊ नकोस.”

घर विकणं म्हणजे शुभांगी, आणि घर न विकणं म्हणजे पाणसाप, असा सरळ हिशेब होता. पुष्कळ गिऱ्हाइकं आली, रस्ता बघून गेली. शेवटी एक देवमाणूस भेटला. सावेडीचे आदिनाथ सर, निवृत्त प्राध्यापक. त्यांना उरलेलं आयुष्य नदीकाठी ध्यान करण्यात घालवायचं होतं. त्यांना सगळंच आवडलं. भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ होती, तिच्याकडे बघून ते म्हणाले, “वा!” पण घाटावरच्या उंबराखाली ते डोळे मिटून उभे राहिले आणि वरच्या कावळ्याने त्यांच्या टोपीवर आपलं मत दिलं.

“घर पसंत आहे,” टोपी पुसत सर म्हणाले. “तेवढं कावळ्यांचं बघा. रविवारी येतो आणि पक्कं करून टाकतो.”

प्रशांतने बघितलं. डाळिंबाच्या बागेत पाखरं उतरू नयेत म्हणून बांधतात ती लाल-चंदेरी चमकी पट्टी त्याने आणली आणि उंबराला बुंध्यापासून शेंड्यापर्यंत गुंडाळली. वारा आला की पट्टी चमकायची, फडफडायची आणि गुणगुणायची. झाड ऑर्केस्ट्रातल्या गायकासारखं दिसायला लागलं. कावळे सगळे उडून पलीकडच्या तीरावरच्या विजेच्या तारेवर जाऊन बसले आणि तिथून त्याच्याकडे बघत राहिले.

आता सहादूअप्पांचं सांगायला हवं, कारण ते नुकतेच वारले होते आणि खरी अडचण तिथेच होती.

ही सगळी जमीन मूळची त्यांची. बिल्डरला त्यांनीच दिली होती. पण फाटक बसल्यावर दुसऱ्याच दिवशी पंचा खांद्यावर टाकून ते फाटकाशी उभे. म्हणाले, “जिमीन इकली. आंघोळ न्हाई इकली.” प्रशांतने त्यांना दुसरी किल्ली देऊन टाकली. तेव्हापासून रोज सकाळी प्रशांतची मीटिंग आणि अप्पांची आंघोळ एकाच घाटावर, एकाच वेळी चालायची. पुण्याच्या मॅनेजरने पहिल्यांदा विचारलं, “ते मागे कोण आहेत?” महिन्याभराने तोच विचारायला लागला, “आज अप्पा दिसत नाहीत, बरे आहेत ना?” आंघोळ झाली की अप्पा फडक्यातली अर्धी भाकरी काढून लॅपटॉपवर ठेवायचे. “खाऊन घे लेकरा. ती यंत्रातली मानसं कुटं पळून जात न्हाईत.”

एकदा धोतर पिळता पिळता म्हणाले, “माझा दहावा हितंच झाला पायजे. शबूद दे.” धोतर असं पिळत होते की अजून वीस वर्षं तरी काही चिंता नव्हती. प्रशांतने ताबडतोब शब्द दिला.

अप्पा उन्हातून आले, पाणी प्यायले आणि गेले. त्या दिवशी प्रशांत तिसऱ्या पायरीवर कॅमेरा बंद करून पुष्कळ रडला. पण मग अप्पांचा मुलगा कानिफ म्हणाला की पाहुणे लांबलांबचे आहेत, रविवारी दहावा येतोय तो प्रवरासंगमाला करू. प्रशांत ‘बरं’ म्हणाला. शब्द दोघांच्यात होता आणि दोघांपैकी एकजण आता तो विषय काढत नव्हता. त्याने रविवार सरांसाठी मोकळा ठेवला.

रविवारी सकाळी तो सरांसाठी पोह्यांचा कांदा चिरत असताना हॉर्न वाजले. बघतो तो उसातून पिकअप, त्यामागे पिकअप, त्यामागे ट्रॅक्टर, त्यामागे मोटरसायकली, आणि सगळ्यात पुढे डोक्याला उपरणं बांधलेला कानिफ.

“प्रशांतभाऊ, फाटक उघडा. आई ऐकंना. म्हनली, त्यांना परशांतनं शबूद दिलाय, दुसरीकडं न्याल तर मी येनार न्हाई.” मग त्याची नजर उंबराकडे गेली. “आवो, केवढी सजावट केली वो आमच्या अप्पासाठी!”

“कर्तव्य,” प्रशांत म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

घटकाभरात घाट भरला. न्हाव्याने वस्तरा काढला, गुरुजींनी पाट मांडला, कोणीतरी माईक लावला. शेवटची गाडी लागली तेव्हा रस्ता कमानीपासून हमरस्त्यापर्यंत बुचासारखा बंद झाला होता. मागची हलल्याशिवाय पुढची हलणार नाही, आणि पुढचा होता प्रशांत. अजूनही त्याला आशा होती. कावळा पटकन शिवला, मंडळी पटकन पांगली, तर सर येईपर्यंत घाट धुऊन टाकता आला असता. आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की कावळ्याचा बंदोबस्त तर आपणच केला आहे.

पिंड मांडले. मंडळी मागे सरली. सगळ्यांच्या माना वर. पट्टी झगमगत होती. पलीकडे तारेवर कावळे ओळीने बसले होते, पाहुण्यांना वाढायला उशीर झाल्यावर पंगत बसते तसे.

“जीव कशात तरी अडाकलाय,” एक म्हातारा म्हणाला. मग सुरू झालं. जिवंत माणसाचं मनातलं कोणी कधी विचारत नाही, पण कावळा शिवेना की सगळं गाव विचारायला लागतं.

“अप्पा, म्हस इकनार न्हाई,” कानिफ हात जोडून म्हणाला. कावळे हलले नाहीत.

“बांधावरचा आंबा तोडनार न्हाई.” नाहीत.

जावईबापू पुढे झाले. “मामा, गुटखा सोडला.” खिशातली पुडी त्यांनी पायरीवर ठेवली. बराच वेळ वाट बघितली. मग कावळा न आल्याने करार रद्द समजून पुडी परत खिशात घातली.

सरपंचांनी माईक घेतला आणि अप्पांच्या स्मरणार्थ हा रस्ता सिमेंटचा करू म्हणून जाहीर केलं. त्यावर एक कावळा उडाला, पण उलट्या दिशेने.

गुरुजींनी घड्याळ बघितलं. त्यांना आणखी एक दहावा होता. “दर्भाचा कावळा करून शिववू. शास्त्रात सोय आहे.”

“गवताचा?” अप्पांची बायको छबूबाई उठून उभी राहिली. “जलमभर मानसानं दुसऱ्याच्या ताटातलं खाल्लं न्हाई, आन आता गवताच्या कावळ्याकून खाईल व्हय? खरा येईस्तवर कुनी हलायचं न्हाई.”

कोणी हलणार कसं, गाड्या अडकल्या होत्या.

प्रशांतने आत जाऊन कोयता आणला. “कावळ्याला उतरायला फांद्या आडव्या येतायत,” तो म्हणाला. “जरा मोकळं करतो.”

“मानूस लाखात येक हाय,” मागून कोणीतरी म्हणालं, आणि लाखातला एक उंबरावर चढला.

वर गेल्यावर त्याला कळलं की आपण पट्टी फार मनापासून बांधली आहे. एकेक वेढा कापून तो खिशात कोंबत होता. उंबरातले मुंगळे शर्टात शिरले. शेंड्याजवळ पोचला तेव्हा त्याला उसातून एक पांढरी टोपी येताना दिसली. आदिनाथ सर. गाडी हमरस्त्यावरच राहिली होती, बूट हातात होते, पँट गुडघ्यापर्यंत वर होती.

“सर!” तो झाडावरून ओरडला. “आलोच!”

दहाव्याला इस्त्रीचा शर्ट घालून जो येतो त्याला माईक मिळतो, हा आपल्याकडचा नियम. सरपंचांनी सरांना श्रद्धांजलीसाठी बोलावलं. सर बिचारे सज्जन. अप्पांना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, पण नदीवर बोलले, मौनावर सविस्तर बोलले. आणि शेवटी म्हणाले, “आपल्याला सांगायला आनंद वाटतो की हे घर मी घेतोय. आल्यावर पहिलं काम, या फाटकाला मोठं कुलूप. ही पवित्र शांतता मी कोणाला मोडू देणार नाही.”

त्यांना हवी होती ती शांतता तिथल्या तिथे पसरली.

छबूबाईने हळूच मान वर केली. “घावलं,” ती म्हणाली. “कशात अडाकलाय ते घावलं. परशांत, खाली बघ.”

“बघतोच आहे, आजी.”

“तू घर इकनार?”

सगळा घाट वर बघत होता. नुकती भादरलेली डोकी उन्हात चमकत होती. प्रशांतच्या एका हातात कोयता होता, दुसऱ्यात पट्टीचा शेवटचा तुकडा, आणि दोन्ही खिशांत बाकीची सगळी. खरं सांगायची सोय नव्हती. कावळे मीच हाकलले, अप्पांचा जीव गिऱ्हाइकापायी मीच लटकावून ठेवला, हे झाडावरून सांगायचं आणि मग त्याच झाडावरून त्यांच्यात उतरायचं, हे त्याला जमण्यातलं नव्हतं. खाली न्हावी वस्तरा पुसत होता.

त्याने शेवटचा तुकडा तोडला. झाड विझलं. पलीकडच्या तारेवर हालचाल झाली. एक कावळा उठला, मग दुसरा. ते निघाले होते, तो उंचावर असल्यामुळे त्यालाच दिसत होतं. आता फक्त गप्प बसायचं होतं. नदी ओलांडायला कावळ्याला लागतो तेवढा वेळ तोंड बंद ठेवलं की काम झालं. कावळा शिवेल, लोक जातील, सर पक्कं करतील, संध्याकाळी सावेडी.

“पिंड सुकाया लागला रं,” छबूबाई खाली पाटाकडे बघत म्हणाली. तिचा आवाज आता कोणासाठीच नव्हता. “उपाशी ऱ्हायलं मानूस.”

प्रशांतला लॅपटॉपवरची अर्धी भाकरी आठवली.

“नाही विकणार, आजी,” तो म्हणाला. आपण बोललो हे त्याला इतरांबरोबरच ऐकू आलं. “फाटकाला कुलूपही नाही.”

त्याचं वाक्य पुरं व्हायला आणि पहिला कावळा त्याच्या कानाजवळून पिंडावर उतरायला एकच गाठ पडली. मागोमाग सगळी पंगत बसली. घाटावर असा कल्लोळ झाला की माईक आपोआप शिट्टी वाजवायला लागला. कानिफ रडत होता. जावईबापूंनी गुटख्याची पुडी नदीत भिरकावली. गुरुजींनी इतक्या वर्षांत असं पाहिलं नव्हतं, ते माईकवर दोनदा तसं म्हणाले.

प्रशांत खाली उतरला तेव्हा आदिनाथ सर हात जोडून उभे होते. डोळ्यांत पाणी.

“मला क्षमा करा. हे घर मी घेणं म्हणजे पाप आहे.”

“सर, थोडं बोलूया का? पोहे...”

“तुमच्यासारख्या माणसाला इथून हलवणारा मी कोण?” त्यांनी वाकून प्रशांतच्या पायांना हात लावला आणि बूट घेऊन उसात निघून गेले.

गाड्या निघेपर्यंत दुपार झाली. जाता जाता सरपंच म्हणाले, “जागा जागृत हाय. आता संगमाला कशाला कोन जातंय?” कानिफने पुढच्या रविवारचं विचारलं, त्याच्या आत्याच्या गावातला एक दहावा होता. छबूबाईने पदराच्या गाठीतून अप्पांची किल्ली काढली आणि प्रशांतच्या हातावर ठेवली.

“आता ही तुझ्याकडंच ठिव. फाटक तर उघडंच ऱ्हानार.”

घाटावर कोणी उरलं नाही तेव्हा प्रशांत तिसऱ्या पायरीवर बसला. फोन वाजला. शुभांगी.

“झालं का?” तिने विचारलं. आवाजात किती दिवसांनी हसू होतं. “ठरलं ना सगळं?”

“ठरलं,” तो म्हणाला. “सगळ्या गावासमोर ठरलं.”

“म्हणजे? नीट सांग ना.” तो नीट बसायला जरा सरकला. त्याच्या खिशात कोंबलेली पट्टी करकरली. “आणि हा कसला आवाज येतोय रे?”

पाणी दुसऱ्या पायरीला लागलं होतं. समोर पाटाशी एक कावळा मागे राहिला होता, तो मान वाकडी करून त्याच्या खिशाकडे बघत होता.

“काही नाही,” प्रशांत म्हणाला. “रेंज.”