सहा बोटांचं पाऊल

आमच्या कचेरीच्या जुन्या इमारतीत, रेकॉर्डच्या खोलीबाहेर, चुन्याच्या कोब्यात एक इवलंसं डावं पाऊल उमटलेलं आहे. सहा बोटांचं. सहा बोटं म्हणजे देवीचंच, असं कुणीतरी ठरवलं आणि मग हळदकुंकू काय, जास्वंदी काय! अव्वल कारकून विनेशभाऊसाहेब तर तिथे माथा टेकल्याशिवाय खुर्चीत टेकत नाहीत.

मी गेल्या महिन्यात बदली होऊन इथे आले आणि ते पाऊल पाहून जागीच थांबले. तो सहा बोटांचा डावा पाय मी रोज संध्याकाळी तेल लावून चोळते. माझ्या आजेसासूबाईंचा, भिमाबाईंचा.

घरी सांगितलं, तर आजी हसता हसता रडायलाच लागली.

"त्यो माजाच पाय गं प्रज्ञा! आय सांगायची. ती तितं कोबा चोपायला व्हती. मला लुगड्यानं झाडाला बांधून ठेवायची. मी सुटले नि वल्या कोब्यावरनं धावले तिच्याकडं. मुकादम बोलला, बुजव. आयनं न्हाय बुजवलं. बोलली, कचेरी उभी राहिली की आपल्याला कोण आत घेतंय? पोरीचा पाय तरी राहू दे आत."

आणि खरंच, आमच्या माणसांना तेव्हा पायरीवरूनच परत पाठवत. आजी अजूनही हयातीचा दाखला द्यायला येते ती पडवीतल्या खिडकीपर्यंतच. सवयच लागली ती.

"मला काय नको," आजी म्हणाली, "पण आयचं नाव लागू दे तितं."

अडचण अशी, की डागडुजी चालू होती आणि सोमवारी भाऊसाहेब तिथे संगमरवरी पाटी बसवणार होते: 'देवीचे स्वयंभू पाऊल'. एकदा दगडात कोरलं की देवीला हलवणार कोण? शुक्रवारीच मी आजीला रिक्षात घातलं.

भाऊसाहेब पावलाला फूल वाहत होते. आजीने चप्पल काढली, माझा हात धरून उंबरा ओलांडला आणि आपला सुरकुतलेला पाय त्या पावलाशेजारी ठेवला. भाऊसाहेबांनी एकदा या पायाकडे पाहिलं, एकदा त्या पावलाकडे. आणि सवयीने वाकलेच.

आजीने त्यांचा खांदा धरला. "नको रं बाबा. आमच्यात पाया पडत न्हाय. अन् देवी कसली? जिती हाय म्हणून दरसाल तुलाच अंगठा देतंय मी."

मग तिने आईची सगळी हकीकत सांगितली. मला वाटलं, आता हे चिडणार. ते बराच वेळ कोब्यावरून हात फिरवत राहिले.

"आईंचं नाव काय?" त्यांनी विचारलं.

"सोनाबाई."

सोमवारी पाटी बसली. मी आजीला वाचून दाखवली: 'हा कोबा सोनाबाई आणि तिच्या सोबतिणींनी चोपला. पाऊल तिच्या लेकीचे.'

पाटीवर कुणीतरी जास्वंद ठेवली होती. मी उचलायला गेले, तर आजी म्हणाली, "राहू दे, आयसाठी हाय ती."

मग तिने सोनाबाई ही अक्षरं कुठली ते विचारून घेतलं आणि त्यांवर बोट ठेवलं.

"आली गं बाय. आय आत आली."